माया कमी ठेवलेली योजना

माझ्या दुकानातल्या मापाच्या वहीत एक पान माझ्याच नावाचं आहे. वर तारीख, खाली पोटाचं माप. पाचव्या महिन्यात तेहतीस इंच, सातव्यात छत्तीस, नवव्या महिन्याच्या पहिल्या आठवड्यात साडेचाळीस. गळ्यात टेप असतोच, गिऱ्हाईक नसलं की सहज मोजायचे. साडेचाळीसनंतर नोंद नाही, कारण त्यानंतर पोट मशीनच्या फळीला टेकायला लागलं आणि हात सुईपर्यंत पोचेनात. तिरकं बसून शिवलं तर मुंढा वाकडा जातो. मग शटर ओढलं.

मी कराडात ब्लाऊज शिवते. छोटा गाळा आहे, भाडं अडीच हजार. साधा, अस्तराचा, कटोरी, प्रिन्सेस कट, जे म्हणाल ते. फॉल-पिकोपण करते. ना कुणी मालक, ना कुणी हाताखाली. त्यामुळे मला रजा द्यायला कुणी नाही आणि नाकारायलाही कुणी नाही.

लोक मिक्सरचा रिव्ह्यू टाकतात, बिर्याणीचा टाकतात. मी प्रधानमंत्री मातृवंदना योजनेचा टाकतेय. ही वस्तू मी दोनदा वापरलीय, एकदा जुन्या रूपात मुलाच्या वेळी आणि एकदा नव्या रूपात मुलीच्या वेळी. दोन्हीत काय फरक पडला तेही सांगता येईल.

आधी वस्तूच्या डब्यावर काय लिहिलंय ते बघू. ही योजना १ जानेवारी २०१७ पासून सुरू आहे. उद्देश असा दिलाय की बाळंतपणामुळे बाईची जी मजुरी बुडते तिची अंशतः भरपाई रोख रकमेत करायची, म्हणजे तिला बाळंतपणाच्या आधी आणि नंतर पुरेशी विश्रांती घेता येईल. वाचून बरं वाटलं होतं. मजुरी बुडते हे कुणीतरी लिहून ठेवलंय, हेच मला मोठं वाटलं. आमच्याकडे बाळंतपणाच्या खर्चाबद्दल सगळे बोलतात, बुडालेल्या कामाबद्दल कुणी बोलत नाही. ‘घरातच तर शिवतेस’ असं म्हणून विषय संपतो.

पहिली खेप २०१९ ची. तेव्हा गाळा नव्हता. घरात पुढच्या खोलीत सासूबाईंचं जुनं पायमशीन होतं, त्यावर शिवायचे. तेव्हा पहिल्या बाळासाठी पाच हजार मिळायचे आणि तेही तीन तुकड्यांत: नोंदणी केली की एक हजार, सहा महिने पूर्ण होऊन निदान एक तपासणी झाली की दोन हजार, आणि बाळाची जन्मनोंद होऊन साडेतीन महिन्यांपर्यंतच्या लसी झाल्या की उरलेले दोन हजार. तीन हप्ते, तीन फॉर्म. नवऱ्याचं आधार कार्डही लागायचं.

एक हजाराचं काय केलं ते आठवत नाही. दुसरा हप्ता आठव्या महिन्यात आला, तो मात्र पक्का आठवतो. त्यातून मी पायमशीनला मोटर बसवून घेतली. पाय सुजले होते, पॅडल मारवत नव्हतं, आणि दिवाळीचे ब्लाऊज डोक्यावर होते. विश्रांतीसाठी आलेल्या पैशांतून मी काम न थांबवण्याची सोय केली. योजना करणाऱ्यांना हे कळलं तर ते कपाळावर हात मारतील, पण माझ्या जागी कुणीही तेच केलं असतं. दिवाळीचं गिऱ्हाईक सोडलं तर ते संक्रांतीला येत नाही.

तिसऱ्या हप्त्याचा फॉर्म मार्च २०२० मध्ये माहेरच्या गावी दिला. मी पाटण तालुक्यातली. पहिलं बाळंतपण माहेरी, हे आमच्याकडे ठरलेलंच. नोंद सासरी आणि शेवटचा फॉर्म माहेरच्या उपकेंद्रात, असं चालेल का याची धाकधूक होती. चाललं. मग लॉकडाउन लागलं आणि पैसे जूनमध्ये आले. तोवर एकाही घरात लग्न नाही, म्हणजे एकही ब्लाऊज नाही. त्या दोन हजारांचं सुती कापड आणि इलॅस्टिक आणलं आणि मास्क शिवून विकले. त्या महिन्यात तो पैसा खरंच देवासारखा आला, हे मान्य करायला हवं.

इथे आशाताईबद्दल सांगायलाच हवं. दोन्ही वेळच्या आशाताई वेगळ्या, पण दोघींनी कामात कसर ठेवली नाही. माता-बाल कार्डाची झेरॉक्स, शेवटच्या पाळीची तारीख, आधारवरचं नाव आणि कार्डावरचं नाव जुळतंय का, सगळं घरी येऊन बघितलं. माझ्या आधारवर माहेरचं आडनाव होतं, ते बदलून घ्यायला पहिल्या ताईंनीच लावलं. सातव्या महिन्यात रक्त कमी निघालं तेव्हा गोळ्या घेतल्या का हे विचारायला दुसऱ्या ताई दुकानात यायच्या, आणि गिऱ्हाईक असलं तर बाहेर पायरीवर बसून थांबायच्या. आणि गंमत अशी की मला बाळंतपणाचे पैसे मिळवून देणारी ही बाई सरकारच्या लेखी स्वयंसेविका. तिलाही पगार नाही, मानधन आणि कामाप्रमाणे मोबदला. त्यांच्या कामाला मी पाचपैकी पाच देते.

आता नवी आवृत्ती. १ एप्रिल २०२२ पासून योजना बदलली. पहिल्या बाळाचे पाच हजार आता दोनच हप्त्यांत मिळतात. गरोदरपणात नोंदणी आणि सहा महिन्यांच्या आत एक तपासणी झाली की तीन हजार, आणि लसींनंतर दोन हजार. हा बदल चांगला झाला, पहिल्याच घासाला मोठा तुकडा येतो. नवऱ्याच्या आधारची सक्ती काढून टाकली, हा बदल त्याहून चांगला. आमच्या गल्लीत एक जण नवऱ्याला सोडून आलेली आहे, जुन्या नियमात तिचा फॉर्मच पुढे सरकला नसता.

पण एक कात्री लागली. पूर्वी सरकारी नोकरीतल्या आणि दुसऱ्या कायद्याने असाच लाभ मिळणाऱ्या बायका वगळून बाकी कुणालाही पहिल्या बाळाला मिळायचं. आता यादीतला एक तरी कागद हवा: ई-श्रम कार्ड (असंघटित कामगारांच्या नोंदणीचं), मनरेगाचं जॉब कार्ड, आयुष्मानचं कार्ड, धान्य मिळणारं रेशन कार्ड, किसान सन्मान निधी, अनुसूचित जाती-जमातीचा दाखला, नाहीतर कुटुंबाचं उत्पन्न आठ लाखांच्या आत असल्याचा दाखला. अशी यादी आहे. माझ्याकडे ई-श्रम होतं. ते पोर्टल २०२१ मध्ये आलं तेव्हा बचत गटातल्या सगळ्यांनी मिळून काढलं होतं. त्या कार्डाचा मला आजवर झालेला उपयोग हा एवढाच. धंदा शिवणकाम, असं त्यात लिहिलंय. सरकारी कागदावर मी कामगार म्हणून दिसते ती एकच जागा.

दुसरी खेप, जानेवारी २०२४. मुलगी सरकारी दवाखान्यात झाली. एक गोष्ट स्पष्ट सांगते, कारण लोक दोन गोष्टींची गल्लत करतात. सरकारी दवाखान्यात बाळंतपण फुकट आहे. सिझर असो वा साधं, औषधं, तपासण्या, तिथलं जेवण, रक्त लागलं तर रक्त, ॲम्ब्युलन्स. २०११ पासून तशी वेगळी योजना आहे आणि मला तरी तिचा पूर्ण फायदा मिळाला. वरखर्च धरून आमचे हजार-बाराशे गेले असतील. म्हणजे बाळंतपणाने मला खड्ड्यात घातलं नाही. बंद शटरने घातलं.

हिशोब मांडते. तेव्हा महिन्याला साधारण बारा हजारांची शिलाई यायची. त्यातून भाडं अडीच हजार, दोरा, अस्तर, हूक, वीज मिळून दीड हजार. हातात आठ हजार. शटर बंद झालं की दोरा-विजेचा खर्च थांबतो, भाडं थांबत नाही. म्हणजे दर महिन्याला आठ हजार येत नाहीत आणि वर अडीच हजार खिशातून जातात. तीन महिन्यांचे झाले साडेएकतीस हजार. या दुसऱ्या खेपेला योजनेतून मिळाले सहा हजार, म्हणजे त्याचा पाचवा हिस्सासुद्धा नाही. आणि फेब्रुवारी-मार्च हे लग्नसराईचे महिने, हा हिशोब मी अजून धरलेलाच नाही. हँगरवर अकरा ब्लाऊज अर्धवट राहिले होते. हूक लावायचे, हेमिंग करायचं. जाऊबाईंनी बसून ते पुरे केले आणि घरोघर पोचवले. तरी चार गिऱ्हाइकं गेली ती गेलीच. फिटिंगचं गिऱ्हाईक असं असतं: एकदा दुसऱ्या हाताचं माप बसलं की परत येत नाही.

एकदा बाळाला पाजत बसले होते तेव्हा मोबाईलवर भागाकार केला. सव्वीस आठवड्यांचे १८२ दिवस. सहा हजार भागिले १८२. दिवसाला तेहतीस रुपये. पहिल्या बाळाचे पाच हजार असतील तर सत्तावीस. एका साडीच्या फॉल-पिकोचे मी शंभर घेते.

सव्वीसच का, तर माझी नणंद पुण्यात एका कंपनीत आहे, तिला सव्वीस आठवडे भरपगारी रजा मिळाली. २०१७ मध्ये कायदा बदलून बाराचे सव्वीस झाले, पण दहा किंवा जास्त माणसं कामाला असलेल्या ठिकाणी. माझ्याकडे एकच माणूस कामाला आहे, मी. नणंदेचा मला राग नाही, उलट तिनेच बाळंतविडा आणला, डिंकाच्या लाडवांचं सामानही तिचंच. पण आमच्या दोघींची मुलं दीड महिन्याच्या अंतराने झाली. ती सहा महिन्यांनी कामावर रुजू झाली. मी सव्वातीन महिन्यांनी, गाळ्यात मागच्या बाजूला दोरीची झोळी बांधून. पाय मशीनच्या स्विचवर, एक हात झोळीच्या दोरीला. कटिंग करताना कात्रीच्या आवाजाने मुलगी दचकायची, म्हणून कटिंग रात्री घरी.

आता वेळेबद्दल. याला मी पाचपैकी एक देईन, तोही जड हाताने. दुसऱ्या बाळाचे सहा हजार एकरकमी मिळतात, पण बाळ झाल्यावर आणि दीड, अडीच, साडेतीन महिन्यांच्या लसी झाल्यावर. लसीची अट चांगलीच आहे, आमच्याकडे त्यामुळे एकही चुकली नाही. पण म्हणजे पैसे येईपर्यंत मी कामावर परतलेले असते. विश्रांतीचे पैसे विश्रांती संपल्यावर. गिऱ्हाइकाने लग्न उरकल्यावर ब्लाऊज न्यायला यावं, तसं.

आणि दुसऱ्या बाळाची खरी मेख वेगळीच. दुसऱ्या खेपेला पैसे मिळतात ते मुलगी झाली तरच. मुलगा झाला तर काही नाही. मुलींचा जन्म वाढावा म्हणून हे केलंय, आणि आमच्या भागाचा जुना इतिहास बघता हेतू समजू शकते. पण मग डब्यावर लिहिलेल्या त्या मजुरीचं काय? मुलगा झाला म्हणून बाईची मजुरी बुडायची थांबते का? नोंदणी गरोदरपणात करायची आणि पैसे मिळणार की नाही ते बाळंतपणाच्या खोलीत कळायचं. आमच्या सासूबाईंनी एका वाक्यात योजना समजावून सांगितली होती: “मुलगी झाली तर सहा हजार, मुलगा झाला तर पेढे. पेढे आपणच आणायचे.” जाऊबाईंना दुसरा मुलगा झाला. त्या वांग्याच्या शेतात रोजाने जायच्या, दोन महिने घरी बसल्या. शून्य रुपये. माझे अकरा ब्लाऊज पुरे करणाऱ्या त्याच या जाऊबाई.

माझे सहा हजार मात्र बरेच दिवस सापडेनात. लसी एप्रिलअखेर झाल्या, फॉर्म गेला, जूनमध्ये आशाताई म्हणाल्या पैसे जमा दाखवतंय. माझ्या पासबुकात काही नाही. मी दोनदा बँकेत जाऊन एंट्री मारून आले. ताईंशी थोडं लागट बोलले, त्याचं आजही वाईट वाटतं. मग ऑगस्टमध्ये लाडकी बहीणचे जुलै-ऑगस्टचे मिळून तीन हजार सगळ्यांना आले, मला नाहीत. गल्लीतल्या बायका मोबाईल दाखवत फिरतायत आणि मी कोरडी. तेव्हा भाच्याने आधारच्या साइटवर बघितलं, आधार कुठल्या बँकेला जोडलंय ते. भलतीच बँक! २०२२ मध्ये ओव्हरलॉक मशीनसाठी गटातून कर्ज घेतलं होतं, तेव्हा तिथे एक खातं उघडलं होतं. सह्यांच्या गठ्ठ्यात आधार जोडायचा कागदही असणार, मी वाचला नाही. कर्ज फिटलं, खातं विसरले. पासबुक सापडलं ते बटणांच्या डब्याच्या तळाशी. जाऊन बघते तर सहा हजार आणि तीन हजार, दोन्ही तिथे शेजारी शेजारी बसलेले. म्हणून सांगते, फॉर्मवर खातेनंबर काहीही असो, असा पैसा आधार ज्या बँकेला शेवटचं जोडलंय तिथे जातो. आधी ते बघा, मग ताईंवर चिडा.

आणि मुदत लक्षात ठेवा. पहिल्या बाळासाठी शेवटच्या पाळीपासून ५७० दिवस, दुसऱ्या मुलीसाठी तिच्या जन्मापासून २७० दिवस. बाळंतपणात दिवस कसे जातात ते सांगायला नको.

बाजारात दुसरा माल काय आहे तेही बघितलं. आमच्या गाळ्यामागे गवंड्याचं कुटुंब राहतं. त्याची बांधकाम कामगार मंडळात नोंद आहे, त्याच्या बायकोला साध्या बाळंतपणाला पंधरा हजार आणि सिझर असेल तर वीस हजार, दोन मुलांपर्यंत. मुलगा-मुलगी विचारत नाहीत. ते पैसे कुठून येतात, तर बांधकामाच्या खर्चावर एक टक्का उपकर लागतो त्यातून. तमिळनाडूत राज्य सरकारची योजना आहे, तिथे पोषणाचं किट धरून अठरा हजार. कारखान्यातल्या बाईला, पगार एकवीस हजारांच्या आत असेल तर, कामगार विमा योजनेकडून, म्हणजे ईएसआयकडून, सव्वीस आठवडे जवळपास पूर्ण रोज मिळतो, कारण तिच्या पगारातून पाऊण टक्का आणि मालकाकडून सव्वातीन टक्के दरमहा जातात. माझं म्हणणं एवढंच आहे की मलाही कापा ना. महिन्याला शंभर कापा, दोनशे कापा. भिशीत मी पाचशे भरतेच. बाळंतपणात काम थांबेल तेव्हा त्यातून महिन्याला पाच हजार जरी दिले तरी मी पाया पडेन. पण स्वतःचा धंदा करणाऱ्या बाईने भरावं आणि वेळेला घ्यावं अशी खिडकीच मला कुठे सापडली नाही. मी मागायला तयार नाही, भरायला तयार आहे, पण सरकारला मी फक्त मागणाऱ्यांच्या रांगेत दिसते.

माझ्याकडे एक वकीलबाई कोटाखालचे पांढरे ब्लाऊज शिवायला येतात. त्यांना हे सगळं सांगितलं तर माप देता देता त्यांनी मला शाळाच घातली. म्हणाल्या, २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यात लिहिलंय की सरकारी नोकरीतल्या वगळून प्रत्येक गरोदर आणि स्तनदा मातेला किमान सहा हजार रुपये. त्यात पहिलं-दुसरं नाही, मुलगा-मुलगी नाही. फक्त पुढे एक शेपूट आहे, केंद्र सरकारच्या योजनांच्या अधीन राहून. सगळी कात्री त्या शेपटातून चालते. वर सांगितलं की कामगार बाईच्या बाळंतपणाचा देशातला पहिला कायदा आपल्याच मुंबई इलाख्यातला, १९२९ चा, आणि त्या विधेयकाच्या बाजूने बाबासाहेब १९२८ मध्ये विधिमंडळात बोलले होते. तो गिरणी-कारखान्यातल्या बायकांसाठी होता. मी विचारलं, मग आमच्यासाठी? त्या म्हणाल्या, २१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षेची नवी संहिता लागू झालीय, त्यात असंघटित कामगारांत स्वतःचा धंदा करणारेही धरलेत, आणि त्यांच्यासाठी बाळंतपणाच्या लाभाची योजना करायची असंही म्हटलंय. मी म्हटलं, हात वर करा, काखेत माप घ्यायचंय.

शिवणकामात कापडाला शिवणीच्या आत जी जादा पट्टी सोडतात तिला माया म्हणतात. अंगाने सुटलं तर शिवण उसवून ब्लाऊज मोठा करता येतो, माया असेल तर. कंजूस शिंपी कापड वाचवायला माया कापून टाकतो. ब्लाऊज पहिल्या दिवशी दोघांकडचा सारखाच दिसतो. ही योजना तशी शिवलेली आहे. टाके वाईट नाहीत, फॉर्म सोपा झालाय, ताई चांगल्या, पैसा मध्ये कुणी खात नाही. पण आत सोडलंय अर्धा सूत.

तरीही घ्या. पाचपैकी अडीच. मिळतंय ते सोडू नका, फक्त त्याच्या जिवावर शटर ओढू नका. दिवस गेल्याचं कळताच गाळ्याच्या मालकाशी भाड्याचं बोलून ठेवा, मी बोलले नव्हते.

परवा पार्लरवाली शेजारीण आली होती, चौथा महिना आहे. उभं राहून थ्रेडिंग करून पाठ जाते म्हणत होती. डोहाळजेवणासाठी हिरवा ब्लाऊज टाकलाय तिने. तिचा मोबाईल मागून घेतला, आधार कुठल्या बँकेला जोडलंय ते आधी बघितलं, मग ई-श्रम काढायला पाठवलं. ब्लाऊजला दोन्ही बाजूंनी दीड-दीड इंच माया ठेवलीय, आणि हूक दोन ओळींत लावणार आहे.